बीचवर उतरताना पायाखाली बघा

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला नवीन आलेल्या आपल्या मंडळींना मी रॅटलस्नेकचं, शेपटीचा खुळखुळा वाजवणाऱ्या विषारी सापाचं, सांगायला लागले की हमखास एकच उत्तर येतं, अगं तो वाळवंटातला साप, ॲरिझोना-टेक्सासकडचा, आपण तर समुद्राकाठी राहतो. वेस्टर्न सिनेमांनी ते चित्र डोक्यात पक्कं बसवलंय, निवडुंग, घोडा, तापलेला खडक आणि त्यावर वेटोळं घालून बसलेला साप. पण आमच्याकडे तो पार समुद्राच्या कड्यावर राहतो. खाली लाटा फुटतायत, सर्फिंगवाली पोरं बोर्ड काखेत मारून चाललीयेत आणि वर कड्याच्या झुडपात हा पडलेला. सदर्न पॅसिफिक रॅटलस्नेक त्याचं नाव, सांता बार्बराच्या बाजूपासून खाली मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत, किनाऱ्यावरच्या वाळूपासून ते डोंगरापर्यंत सगळीकडे सापडतो. सॅन डिएगोच्या किनारी भागात त्याच्या जोडीला रेड डायमंड नावाचा विटकरी रंगाचा अजून एक भाऊबंद आहे, तो जरा शांत म्हणतात, मला अजून दिसलेला नाही.

त्याचं घर म्हणजे इथलं किनाऱ्यालगतचं झुडपी रान, कोस्टल सेज स्क्रब. लांबून बघितलं तर काहीच वाटत नाही, नुसती कंबरेएवढी राखाडी-हिरवी झुडपं, सेजब्रश, बकव्हीट, लेमोनेड बेरी, मधेच निवडुंगाची फडी, आणि उन्हाळ्यात तर सगळं वाळून कोळ झाल्यासारखं दिसतं. पण सेजब्रशचं पान चुरडून नाकाला लावा, मग कळतं हे रान किती जिवंत आहे ते. आणि हे रान आता फार थोडं उरलंय, कारण किनाऱ्याजवळची जमीन म्हणजे सोन्याचा भाव, त्यामुळे बहुतेक ठिकाणी त्याच्यावर घरं, रस्ते, गोल्फ कोर्स आले. १९९३ मध्ये याच झुडपांत घरटं करणारा नॅटकॅचर नावाचा चिमुकला पक्षी धोक्यातल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत गेला तेव्हा कुठे उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं यावर गंभीरपणे बोलणं सुरू झालं. पक्ष्यासाठी लोक उभे राहिले हे चांगलंच झालं, पण त्याच तुकड्यात सापही राहतो, त्याच्यासाठी कुणी पोस्टर छापत नाही, आणि मला ते मनापासून खटकतं. आम्ही राहतो ती वसाहतसुद्धा अशाच रानावर उठलेली आहे, मागच्या कुंपणापलीकडे जी दरी आहे, इथं कॅनयन म्हणतात, ती अजून तशीच राहिलीय.

आमच्या जवळची जागा म्हणजे टॉरी पाइन्स. तिथले पाइन वृक्ष आपणहून फक्त दोनच ठिकाणी उगवतात, एक इथं आणि दुसरं सांता रोझा बेटावर. पिवळट-तांबूस वालुकाश्माचे कडे, त्यावरून वळणं घेत खाली बीचवर उतरणारी पायवाट, आणि सुरुवातीलाच रॅटलस्नेकची पाटी. ती पाटी लोक वाचत नाहीत, तिच्यासोबत फोटो काढतात.

आई दापोलीहून आली होती तेव्हाची गोष्ट. मे महिना होता. इथं मे-जूनमध्ये सकाळी समुद्रावरून दाट मळभ येतं, मे ग्रे आणि जून ग्लूम अशी त्याला नावंच पडलीयेत, आणि दहा-साडेदहाला ते फाटलं की एकदम लख्ख ऊन. हीच वेळ असते सापाची, रात्रभर गार पडलेलं अंग घेऊन तो उन्हाच्या तुकड्यावर येतो आणि तो उन्हाचा तुकडा म्हणजे नेमकी आपली पायवाट. आई पुढे होती, मी आणि माझा मुलगा मागे, आणि आईने न वळता नुसता हात मागे करून आम्हाला अडवलं. "थांब. जनावर आहे."

मला काही दिसेना. वाळू, वाळलेली पानं, लेमोनेड बेरीच्या झुडपाची सावली. आई बोटाने दाखवते आणि तरी मला दिसत नाही, आणि मग अचानक दिसला, आणि एकदा दिसल्यावर कळेना की इतका वेळ कसा नव्हता दिसत. वाटेच्या कडेला, अर्धा सावलीत अर्धा उन्हात, सैलसं वेटोळं. तपकिरी अंग, त्यावर गडद ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला फिकट कड, खवले इतके कोरडे की धूळ बसल्यासारखे. डोकं रुंद, मान बारीक. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे एक खड्डा, तिसरी नाकपुडीच जणू. त्या खड्ड्याने तो उष्णता बघतो, म्हणजे काळोखातसुद्धा गरम रक्ताचा उंदीर त्याला कळतो. शेपटीचं टोक वेटोळ्यावर टेकलेलं, त्यावर गवताच्या काडीच्या रंगाच्या कड्यांची छोटी माळ. आवाज मात्र काही नाही.

आम्ही चांगले दहा-बारा फूट लांब होतो, तिथंच उभे राहिलो. तेवढ्यात खालून एक माणूस पळत आला, कानात इयरफोन, घामाघूम, मी हात हलवते, ओरडते, त्याला वाटलं मी गुड मॉर्निंग म्हणतेय, त्यानेही हसून हात हलवला आणि सापापासून दोन फुटांवरून निघून गेला. साप हलला नाही. जीभसुद्धा बाहेर नाही. त्याच्यामागून पाच-सहा जणांचा घोळका आला तसं मात्र त्याने अंग आवळलं, डोकं उचललं आणि तो आवाज सुरू झाला. खुळखुळ्यासारखा आवाज असेल असं मी धरून चालले होते, तसा तो अजिबात नसतो. सलग, कोरडा, सूं-सर्र असा, इतका एकसंध की क्षणभर मला कुठेतरी स्प्रिंकलर सुरू झाला असंच वाटलं. घोळका जागच्या जागी थिजला, आम्ही हातवारे करून त्यांना मागे सरायला लावलं, मिनिटाभरात आवाज बंद, आणि साप काहीही घाई न करता झुडपात शिरला.

मला तो इयरफोनवाला माणूस फार वेळा आठवतो. त्याला आयुष्यात कधी कळणार नाही की आपण कशाच्या बाजूने गेलो. आणि असे आपण सगळेच किती वेळा गेलेले असणार, कारण रॅटलस्नेकचा पहिला उपाय आवाज नाहीच, पहिला उपाय गप्प राहणं. दिसलो नाही तर वाचलो. आवाज करायचा तो गप्प राहून भागत नाही तेव्हा, आणि त्यानंतरही चावणं अगदी शेवटी, कारण विष बनवायला त्याला वेळ लागतो, ताकद लागते, आणि जे गिळता येणार नाही अशा जनावरावर ते घालवून त्याचा काय फायदा. लोक सांगतात की त्याने रॅटल केलं म्हणजे तो अंगावर येणार होता. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, तो आवाज करतो तेव्हा तो तुम्हाला वाचवतोय आणि स्वतःलाही.

तो खुळखुळा आतून पोकळ असतो, मणी-बिणी काही नसतात. आपल्या नखासारख्याच पदार्थाची, केराटिनची कडी, एकात एक सैल अडकलेली, आणि शेपटीचे स्नायू ती एकमेकांवर इतक्या वेगाने आपटतात की एका सेकंदात पन्नास-साठ वेळा, कधी त्याहून जास्त. पिल्लू जन्मतं तेव्हा टोकाला नुसतं एक बटण असतं, त्याचा आवाज होत नाही, पुढे दर वेळी कात टाकली की एक कडी वाढते. वर्षाला एक कडी, मोजा आणि वय सांगा, हे खोटं आहे, कारण कात वर्षातून अनेकदा पडते आणि जुनी कडी तुटूनही जातात. २०२१ मध्ये एक संशोधन आलं ते वाचून मी थक्क झाले. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठातल्या लोकांनी रॅटलस्नेकच्या दिशेने वस्तू सरकवत नेल्या, तर लांब असताना तो हळूहळू वेग वाढवत नेतो, सेकंदाला चाळीसपर्यंत, आणि वस्तू एका ठराविक अंतरात आली की एकदम उडी मारून साठ ते शंभरवर जातो. मग हा आवाज त्यांनी माणसांना ऐकवला, व्हर्च्युअल रिॲलिटीच्या गवतात, आणि त्या उडीमुळे माणसांना वाटलं की साप एक मीटरवर आहे, खरं तर तो चार मीटरवर होता. म्हणजे तुमची चूक होऊ शकते हे धरून हा प्राणी तीन मीटरची सोय करून ठेवतो. कुठल्या शाळेत शिकला तो हे?

आईला आवाज ऐकून भीती वाटली नाही, ओळख पटल्यासारखं झालं. घरी येऊन चहा घेताना म्हणाली, "फुरसं पण असंच करतं गं." आणि ते खरंय. आपलं कोकणातलं फुरसं शेपटीने नाही पण अंगाचे कंगोरेदार खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वेटोळं करून. दोघं व्हायपर कुळातले, दोघांची पिल्लं अंड्यातून नाही, थेट बाहेर येतात. खड्ड्याने उष्णता बघणारे मात्र कोकणात वेगळे, हिरवा चापडा आणि मलबारी चापडा, ते रॅटलस्नेकच्या जास्त जवळच्या नात्यातले. आई सड्यावर वाढलेली, जांभ्याचा दगड उचलायचा तर आधी काठीने हलवायचा, पालापाचोळ्यात हात घालायचा नाही, रात्री अंगणात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. तिच्या चुलतभावाला गडगा रचताना बोटाला फुरसं चावलं होतं, तो वाचला, पण ते बोट त्याला पुढे नीट मिटता आलं नाही. टॉरी पाइन्सला तिला जे दिसलं आणि मला दिसलं नाही ते हेच, लहानपणापासून जमिनीकडे बघायची सवय.

इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर बक्षीस लावलं होतं, लोकांनी लाखांनी मारून आणली, आणि फुरसं काही संपलं नाही. इकडे अमेरिकेत रॅटलस्नेक राउंडअप नावाचे मेळेच भरतात, पकडायचे, मारायचे, भाजून खायचे. जॉर्जियातल्या क्लॅक्स्टन गावाने मात्र २०१२ मध्ये आपला राउंडअप बंद करून त्याचा वन्यजीव मेळा केला, सापांना मारायचं नाही, दाखवायचं. त्या गावाचं मला फार कौतुक वाटतं.

चावण्याबद्दल मात्र उगाच धीर देण्यात अर्थ नाही, वाईट असतं. सूज, असह्य दुखणं, रक्त गोठायची यंत्रणा बिघडणं, बोट किंवा स्नायू कायमचा जाणं. याच सापाच्या सॅन जॅसिंटो डोंगरातल्या वस्तीत तर विषाचा प्रकारच वेगळा, मज्जासंस्थेवर जाणारा. पण अमेरिकेत वर्षाला सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यातले साधारण पाच दगावतात. भारतात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने जातात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की माझ्या पोटात कालवतं. आपले साप जास्त दुष्ट आहेत म्हणून हा फरक पडत नाही, तो पडतो अनवाणी पायांमुळे, जमिनीवर झोपण्यामुळे, रात्रीच्या अंधारामुळे, आणि सगळ्यात जास्त हॉस्पिटलपर्यंतच्या अंतरामुळे. औषध तर आपल्याकडे आहे, घोड्यांच्या रक्तातून बनवलेलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं, ते बनवणारी परळची हाफकिन हे नाव माझ्या आजीलासुद्धा माहीत होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांसारखा माणूस आयुष्यभर कोकणात विंचू आणि सर्पदंशाचे पेशंट बघत राहिला, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरात पेढे वाटलेत. इथं क्रोफॅब नावाचं औषध २००० पासून आहे, ते मेंढ्यांपासून बनतं, एका बाटलीची किंमत हजारो डॉलर आणि एका पेशंटला अनेक बाटल्या लागू शकतात. पण ते वेळेत मिळतं. चावलंच तर अंगठी-घड्याळ काढायचं, ९११ या इथल्या तातडीच्या नंबरला फोन करायचा, हातपाय शांत ठेवायचा, बस. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, बर्फ लावायचा नाही, आणि सापाला पकडून डॉक्टरांना दाखवायला तर मुळीच न्यायचं नाही.

आता खारींचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. इथं जमिनीत बिळं करणाऱ्या खारी आहेत, ग्राउंड स्क्विरल, त्यांची पिल्लं म्हणजे रॅटलस्नेकचं मुख्य जेवण. मोठ्या खारीच्या रक्तात विषाला बऱ्यापैकी विरोध तयार झालेला असतो, म्हणून ती सापासमोर उभी राहते, शेपटी झेंड्यासारखी हलवते, वाळू उडवते त्याच्या तोंडावर. २००७ मध्ये डेव्हिस विद्यापीठातल्या लोकांना आढळलं की रॅटलस्नेक समोर असेल तर ती शेपटी गरमही करते, रक्त खेळवून, कारण समोरचा उष्णता बघणारा आहे. आणि समोर गोफर स्नेक असेल, ज्याला उष्णता दिसत नाही, तर शेपटी हलवते पण गरम करत नाही. म्हणजे खारीला बरोबर कळतं कोण कोण आहे! वर ती रॅटलस्नेकची टाकलेली कात चघळून आपल्या अंगाला चाटते, वास लपवायला. मी हे सगळं वाचून आमच्या कॅनयनकडे बघते तेव्हा तिथं नुसतं झुडूप दिसत नाही मला, हजारो वर्षं चाललेलं एक बोलणं दिसतं.

त्या बिचाऱ्या गोफर स्नेकचे हाल मात्र बघवत नाहीत. बिनविषारी, उंदीर खाऊन आपलं भलं करणारा, पण घाबरला की डोकं चपटं करतो आणि वाळक्या पानात शेपटी थरथरवतो, हुबेहूब रॅटलस्नेक. कोल्हा-घारीसमोर हे नाटक चालतं, फावडं घेतलेल्या माणसासमोर त्याच नाटकाने जीव जातो. आमच्या गल्लीत एक असाच मारला गेला, चांगला चार फुटी, शेपटीचं टोक निमुळतं, खुळखुळ्याचा पत्ता नाही, आणि मारणाऱ्याला वाटत होतं आपण मुलांना वाचवलं. मुलगा त्या सापाजवळ बराच वेळ बसून होता, मी त्याला उठवलं नाही.

बेटांवरही रॅटलस्नेक गेलेत. लॉस एंजेलिससमोरच्या सांता कॅटालिना बेटावर आमचाच सदर्न पॅसिफिक आहे. आणि याच नावाचं दुसरं बेट मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात आहे, तिथल्या रॅटलस्नेकला खुळखुळाच नाही, कात टाकली की कडी गळून पडते. तुडवणारं मोठं जनावरच बेटावर नाही, म्हणून आवाजाची गरज उरली नसावी असा एक अंदाज आहे. तो साप आता जगातून जायच्या काठावर आहे. पूर्वेकडे, जॉर्जिया-फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तर सगळ्यात मोठा रॅटलस्नेक, ईस्टर्न डायमंडबॅक, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर समुद्रातून पोहत जातो, खुळखुळा पाण्याच्या वर धरून. तिकडे बीचवर फिरायला जाणाऱ्यांनी वाळूतल्या गवताच्या टेकड्यांत पाय घालू नये ते याचसाठी.

मागच्या उन्हाळ्यात एक रॅटलस्नेक आमच्या बॅकयार्डमध्ये आला, एअर कंडिशनरच्या बाजूला. फोन केल्यावर साप पकडणारा माणूस आला, लांब चिमट्याने उचलून झाकणाच्या बादलीत ठेवला, पाच मिनिटांचं काम. मी म्हणलं खूप लांब सोडा हं, तर तो म्हणाला, लांब सोडला की त्याला बीळ माहीत नसतं, पाणी-शिकार माहीत नसते, भटकत राहतो आणि बहुतेक मरतो, मागच्याच कॅनयनमध्ये सोडतो. मग आम्ही कुंपणाच्या तळाशी पाव इंच भोकांची जाळी लावली, तीन फूट उंच, खाली थोडी जमिनीत गाडून, आणि पक्ष्यांचं दाणापात्र काढलं, कारण सांडलेल्या दाण्याला उंदीर येतात आणि उंदरामागे तो. त्यानंतर आला नाही. कॅनयनमध्ये आहे, असू दे.

ऑगस्ट ते ऑक्टोबर पिल्लांचा मोसम, मादी काही दिवस त्यांच्याजवळ थांबते, पहिली कात पडेपर्यंत. पिल्लू मोठ्यापेक्षा जास्त धोकादायक असं जे फॉरवर्ड फिरतं ते चूक आहे, मोठ्याकडे विष कितीतरी जास्त असतं, पण पिल्लाचा आवाज येत नाही एवढं मात्र लक्षात ठेवायचं. इथल्या मराठी मंडळाच्या पोरांना घेऊन मी सप्टेंबरमध्ये टॉरी पाइन्सला जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी पोरांना बंद बूट घाला, चपला-सँडल चालणार नाहीत, लांब पँट, पाणी, इयरफोन घरी. मुलं वाटेच्या मधून चालतील, खडकावर हात टेकायच्या आधी तिथं बघतील, आणि दिसलाच तर सहा-आठ फुटांवरून सगळ्यांनी एकेक करून बघायचं, मी उभी राहीन बाजूला. आईपण आहे या वेळी, ती पुढे चालणार.